जुळणारा थेरपिस्ट निवडताना: कशानंतर काय करायचं

थेरपिस्ट शोधायचा म्हटलं की बहुतेकजण आधी नाव शोधायला लागतात. ओळखीतल्या कुणीतरी 'चांगले आहेत' म्हणून सांगितलेलं असतं, तिथे अपॉइंटमेंट घेतात आणि जातात. पहिल्या भेटीत मन मोकळं झालं, हलकं वाटलं की पुढची दोन वर्षं जात राहतात. अवघडल्यासारखं झालं की परत फिरकत नाहीत आणि 'थेरपी आपल्याला लागू पडत नाही' असं ठरवून टाकतात. दोन्ही निर्णय घाईचे. पहिल्या तासाला कसं वाटलं यावरून त्या माणसाकडे आपलं काम होईल की नाही हे फारसं कळत नाही.

निवड फोन करण्याच्या आधी सुरू होते आणि साधारण चौथ्या सेशनपर्यंत चालते. खालचे टप्पे त्या क्रमाने दिले आहेत आणि क्रम पाळणं महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

आधी हे वाचा: जीव द्यायचे विचार येत असतील, कसा आणि कधी हेही मनात ठरत असेल, किंवा कुणाला इजा करून बसू अशी भीती वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. ती वेळ निवड करत बसायची नाही. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला फोन करा आणि घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसाला 'मला एकटं सोडू नकोस' असं स्पष्ट सांगा. थेरपिस्ट नंतर शोधता येईल.

## टप्पा 1: त्रास कागदावर उतरवा

'मला डिप्रेशन आहे', 'अँग्झायटी आहे' एवढं लिहून थांबू नका. ही आजारांची नावं आहेत. त्यावरून तुमच्या दिवसात काय चाललंय ते कळत नाही. घडतंय ते लिहा. उदाहरणार्थ:

*'दिवाळखोरी, नापास होणं असं काहीच झालेलं नाही. पण तीन महिने पहाटे चारला जाग येते, परत झोप लागत नाही. ऑफिसात चार जणांसमोर बोलायची पाळी आली की घशाला कोरड पडते. गेल्या महिन्यात दोन मीटिंग टाळल्या. बहिणीचा फोन वाजत राहतो, मी बघत राहतो, उचलत नाही. रात्रीची दारू वाढली आहे.'*

एवढ्या पाच ओळींत थेरपिस्टला जे मिळतं ते 'मला खूप स्ट्रेस आहे' या वाक्यात मिळत नाही. कधीपासून, किती वेळा, कशामुळे वाढतं, कशाने थोडं कमी होतं आणि या त्रासापायी तुमचं काय काय थांबलंय, हे सगळं त्यात आलं पाहिजे. आधी काही उपचार घेतले असतील, औषधं चालू असतील, घरात कुणाला मानसिक आजार असेल, तर तेही लिहा.

मग एक ओळ सोडून लिहा: बरं वाटू लागलंय हे मला कशावरून कळेल? इथे 'आनंदी राहीन' असं मोघम लिहिलं की पुढे फसगत होते, कारण वर्षभराने मागे वळून पाहताना मोजायला काहीच हाती राहत नाही. 'बहिणीचा फोन त्याच दिवशी उचलेन', 'मीटिंग न टाळता पार पाडेन' असं लिहा. हा कागद जपून ठेवा, चौथ्या सेशननंतर तो पुन्हा काढायचा आहे.

याच टप्प्यावर शरीराची तपासणी उरकून घ्या. थायरॉइडचा बिघाड, रक्तातलं लोह किंवा बी-12 कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, काही औषधांचे दुष्परिणाम, दारू, यांमुळे उदासी, थकवा, धडधड, चिडचिड अगदी मनाच्या आजारासारखी दिसू शकते. थायरॉइडवर उपचार हवे असताना सहा महिने बालपणाबद्दल बोलत बसणं हा वेळेचा आणि उमेदीचा अपव्यय आहे.

पडताळा: लिहिलेलं मोठ्याने वाचा. दीड-दोन मिनिटांत संपलं आणि अनोळखी माणसालाही समजेल असं वाटलं, तर पुढे जा.

## टप्पा 2: माणूस कोण हवा, आणि पद्धत कोणती

थेरपिस्ट, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. कामं मात्र वेगळी आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे वैद्यकीय डॉक्टर असतात. निदान करतात, औषधं देतात. काहीजण थेरपीही करतात, पण बऱ्याच जणांना तेवढा वेळ नसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं प्रशिक्षण मानसिक आजारांचं मूल्यमापन, चाचण्या आणि थेरपी यांत झालेलं असतं. समुपदेशक सहसा नातेसंबंध, शोक, करिअर, घरातले ताणतणाव, आयुष्यातले मोठे बदल अशा प्रश्नांवर काम करतात. काहींनी पुढे जाऊन एखाद्या आजाराचं किंवा पद्धतीचं खास प्रशिक्षणही घेतलेलं असतं.

काही वेळा आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवं: इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळतीवर आहे अशी पक्की खात्री वाटते, झोप दोन-तीन तासांवर आली तरी अंगात प्रचंड उत्साह आहे आणि पैसे बेफाम उडवले जातायत, किंवा उदासी इतकी की खाणं-आंघोळही सुटली आहे. बायपोलर (उत्साह आणि उदासी यांची टोकाची आवर्तनं) आणि सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणं) यांमध्ये बोलण्याचे उपचार औषधांच्या सोबतीने होतात, औषधांऐवजी नाही. 'औषध नको, आधी बोलून बघू' हा हट्ट इथे महागात पडतो.

आता पद्धत. 'बोललं की बरं वाटतं' एवढ्यावर लोक थांबतात, पण काही त्रासांना विशिष्ट पद्धत लागते. याचं सर्वांत ठळक उदाहरण ओसीडी, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती परत परत करावीशी वाटणं. समजा एखाद्याला गॅस बंद केला की नाही ही शंका सतत छळते. प्रेमळ, समजूतदार समुपदेशक दर आठवड्याला त्याला समजावतो: 'तुम्ही बंद केला होता, काळजी करू नका.' त्याला तासभर बरं वाटतं. पण दिलासा मागणं हाच त्या आजाराचा भाग असतो, त्यामुळे दिलासा मिळेल तेवढी शंका बळावत जाते. ओसीडीसाठी ईआरपी नावाची पद्धत आहे: ठरवून, पायरीपायरीने शंकेला सामोरं जायचं आणि पुन्हा तपासायचं नाही. त्यात सुरुवातीला अस्वस्थता वाढते. ही पद्धत येत नसलेला थेरपिस्ट माणूस म्हणून कितीही आवडला तरी ओसीडीसाठी तो योग्य नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पॅनिक अटॅक, सामाजिक भीती आणि नैराश्य यांसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी, भरपूर अभ्यासली गेली आहे. ती सहसा ठरावीक मुदतीची असते, साधारण 12 ते 20 सेशनची. जुनाट निद्रानाशासाठी सीबीटीचाच एक खास प्रकार आहे आणि तो झोपेच्या गोळ्यांच्या आधी वापरावा अशी शिफारस केली जाते. अपघात, हिंसा, अत्याचार यांनंतरच्या ट्रॉमासाठी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत त्या आठवणींवर काम करण्याची पद्धत). स्वतःला इजा करून घेण्याची सवय आणि भावनांचे टोकाचे चढउतार असतील तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली डीबीटी, म्हणजे भावना आणि ताण सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी. एकाच प्रकारच्या नात्यात पुन्हा पुन्हा अडकणं, आतून रिकामं वाटणं अशा जुन्या गुंत्यांसाठी सायकोडायनॅमिक पद्धतीचं (जुने अनुभव आणि मनात दडलेले संघर्ष उलगडणारं) काम उपयोगी पडू शकतं. ते बहुधा लांबतं.

पद्धतींची नावं पाठ करायची गरज नाही. तुमच्या त्रासासाठी कोणती पद्धत वापरतात हे माहीत असलं की फोनवर नेमका प्रश्न विचारता येतो.

सावधान: जोडीदाराकडून मारहाण होत असेल, धमक्या मिळत असतील, त्याच्यासमोर खरं बोलायची भीती वाटत असेल, तर जोडप्यांच्या थेरपीने सुरुवात करू नका. खोलीत बोललेल्या वाक्याची शिक्षा घरी मिळू शकते. आधी एकटीने किंवा एकट्याने, स्वतंत्र थेरपिस्टकडे जा.

## टप्पा 3: अटी ठरवा

हा टप्पा लहान आहे. आठवड्यातला कोणता वार आणि तास तुम्ही किमान तीन महिने सांभाळू शकता? महिन्याला किती पैसे देऊ शकता, तेही न कुरकुरता? समोरासमोर की ऑनलाइन? ऑनलाइन असेल तर दार लावून पाऊण तास बसता येईल अशी जागा आहे का? शेजारच्या खोलीत सासूबाई किंवा मुलगा ऐकत असेल तर तुम्ही अर्धंच बोलाल.

भाषेचा विचार मात्र सावकाश करा. ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि रडता, त्या भाषेत थेरपी व्हावी, हे माझं ठाम मत आहे. कामाच्या भाषेत माणूस स्वतःबद्दल रिपोर्ट देतो. 'आय फेल्ट नेग्लेक्टेड' असं म्हणणं सोपं जातं. 'माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही' म्हणताना आवाज फुटतो, आणि थेरपीचं काम तिथे असतं. आपल्या भाषेतला थेरपिस्ट नाहीच मिळाला, तर निदान मधूनमधून आपल्या भाषेत बोललेलं ज्याला समजेल असा शोधा.

स्त्री हवी की पुरुष, वय, धर्म, जात, लैंगिकता यांबद्दल तुम्हाला काही पसंती असेल तर ती स्वतःशी मान्य करा. त्यात गैर काही नाही. एखाद्या विषयावर बोलताना समोरच्याला आधी पार्श्वभूमी शिकवावी लागली तर दमायला होतं.

## टप्पा 4: तीन-चार नावं काढा आणि पडताळा

एकच नाव घेऊन जाऊ नका. एकच असलं की न पटूनही त्याला धरून बसावं लागतं. नावं मिळवायला तुमचे नेहमीचे डॉक्टर, रुग्णालयांचे मानसोपचार विभाग, व्यावसायिक संघटनांच्या याद्या आणि प्रत्यक्ष थेरपी घेतलेली माणसं, एवढे रस्ते पुरेसे आहेत.

ओळखीच्यांना विचारताना 'चांगले आहेत का?' असं विचारू नका. त्याला सगळे 'हो' म्हणतात. 'तुझ्या रोजच्या जगण्यात काय बदललं?' आणि 'त्यांचं एखादं बोलणं तुला खटकलं तेव्हा तू सांगितलंस का, ते काय म्हणाले?' हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लाखमोलाचं असतं.

मग पडताळणी. पुष्कळ देशांत 'समुपदेशक', 'थेरपिस्ट', 'लाइफ कोच' ही बिरुदं कायद्याने राखीव नाहीत, कुणीही लावू शकतं. म्हणून पाटीवर काय लिहिलंय ते सोडा आणि तीन गोष्टी बघा: मूळ पदवी कशातली आणि कुठली, परवाना किंवा नोंदणी कुठल्या संस्थेकडे, आणि तो क्रमांक त्या संस्थेच्या यादीत सापडतो का, ज्या पद्धतीने काम करतो असं म्हणतात त्याचं प्रशिक्षण किती काळाचं आणि कुणाच्या देखरेखीखाली झालं. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचं देखरेखीखालचं काम वेबसाइटवर एकाच रांगेत झळकत असतं. ऑनलाइन थेरपिस्ट दुसऱ्या राज्यात किंवा देशात असेल तर तुम्ही राहता तिथल्या माणसांवर उपचार करायची त्याला परवानगी आहे का, हेही विचारा.

सोशल मीडियावरचे फॉलोअर बघून निवडू नका. कॅमेऱ्यासमोर छान बोलणं आणि बंद खोलीत नीट ऐकणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. क्लायंटनी केलेल्या कौतुकाच्या व्हिडिओंबाबत तर जास्तच जपून राहा: अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार मानसशास्त्रज्ञाने सध्या थेरपी घेत असलेल्या क्लायंटकडे अशी प्रशस्तिपत्रं मागायची नसतात, कारण त्या नात्यात 'नाही' म्हणणं क्लायंटला जड जातं.

या वेळी नाव खोडा: 'तीन सेशनमध्ये डिप्रेशन कायमचं बरं' अशी हमी. नोंदणी क्रमांक विचारल्यावर टाळाटाळ. पहिल्याच फोनवर वर्षभराचं पॅकेज आगाऊ भरायचा आग्रह. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं परस्पर बंद करायचा सल्ला. आणि नातलग, मित्र, वरिष्ठ, शिक्षक यांपैकी कुणी थेरपिस्ट असला तरी तो तुमचा थेरपिस्ट होऊ शकत नाही. जबाबदार माणूस स्वतःच नकार देऊन दुसऱ्याचं नाव सुचवतो.

## टप्पा 5: दहा मिनिटांचा फोन

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो. 'असं कसं विचारायचं, त्यांना राग येईल' ही भीती त्याच्या मुळाशी असते. थेरपिस्टच्या दृष्टीने हे प्रश्न रोजचे आहेत. ज्याला राग येईल, त्याच्याकडे जायचं नाही हे फुकटात कळतं. काहीजण फोनऐवजी ईमेलवर उत्तरं देतात किंवा आधी पहिलं सेशनच घेतात. तरी प्रश्न तेच राहतात.

पहिल्या टप्प्यातला कागद समोर घ्या. संवाद साधारण असा होऊ शकतो:

'नमस्कार, मी थेरपी सुरू करायचा विचार करतोय. दोन-तीन जणांशी बोलून ठरवणार आहे. दहा मिनिटं बोलू शकाल का?'

'हो, बोला ना.'

'तीन महिने पहाटे जाग येते, लोकांसमोर बोलणं टाळायला लागलोय, घरच्यांशी संपर्क तोडल्यासारखा झालाय. अशा त्रासावर तुम्ही काम करता का, आणि कसं?'

आता ऐका. 'मी सगळ्या प्रॉब्लेमवर काम करते, तुम्ही या तर खरं' हे कच्चं उत्तर झालं. 'सुरुवातीला दोन भेटींत हे कधी, कशामुळे होतं ते समजून घेऊ. झोपेबद्दल मी तुम्हाला नोंदी ठेवायला सांगेन. लोकांसमोर बोलण्याची भीती असेल तर छोट्या छोट्या प्रसंगांपासून सराव करू. पण उदासी किती आहे ते बघून कदाचित मानसोपचारतज्ज्ञांकडेही एकदा पाठवेन' या उत्तरात पद्धत आहे, क्रम आहे आणि स्वतःची मर्यादा कुठे आहे याची जाणीवही आहे.

मग विचारायचे प्रश्न:

- अशा त्रासाच्या किती जणांबरोबर तुम्ही आजवर काम केलंय?
- उपयोग होतोय की नाही हे आपण कसं बघणार? कधी बघणार?
- सेशन किती मिनिटांचं, फी किती, रद्द करायचं तर किती आधी कळवायचं?
- दोन सेशनच्या मध्ये त्रास वाढला तर तुमच्याशी संपर्क होतो का? होत नसेल तर मी काय करायचं?
- तुमचं काम तुम्ही कुणा वरिष्ठांबरोबर तपासून घेता का?

शेवटच्या प्रश्नात जे विचारलंय त्याला सुपरव्हिजन म्हणतात. नाव न सांगता केसवर वरिष्ठ किंवा समव्यावसायिकांशी चर्चा करणं ही चांगल्या कामाची खूण आहे, गोपनीयतेचा भंग नाही. 'मला आता कुणाची गरज नाही' हे उत्तर मला तरी कधीच आश्वासक वाटलेलं नाही.

चूक होते ती इथे: फोनवर सगळी कहाणी सांगून टाकली जाते. समोरचा माणूस सहानुभूतीने ऐकतो, तुम्हाला भरून येतं आणि प्रश्न राहूनच जातात. फोन ठेवल्यावर तुमच्याकडे 'छान वाटलं' याखेरीज काहीच नसतं. त्रास तीन वाक्यांत सांगा, बाकी वेळ विचारा.

फोन झाला की लगेच दोन ओळी टिपून ठेवा. तिसऱ्या फोननंतर पहिल्याचं काही आठवत नाही.

## टप्पा 6: पहिलं सेशन

पहिल्या भेटीत थेरपिस्टने काही गोष्टी स्वतःहून सांगायला हव्यात आणि त्यातली पहिली गोपनीयता. 'इथलं बाहेर जाणार नाही' एवढं पुरत नाही, कारण ते पूर्ण खरं नसतं. जीवाला धोका असेल, मुलांवर अत्याचार होत असल्याचं कळलं, न्यायालयाचा आदेश आला, अशा वेळी कायद्यानुसार माहिती द्यावी लागू शकते. नेमके नियम देशागणिक बदलतात. हे अपवाद, नोंदी कुठे आणि किती काळ ठेवतात, फी कंपनी किंवा विमा भरत असेल तर त्यांना काय कळतं, हे स्पष्ट विचारा. घरचं कुणी फी भरत असेल तर 'त्यांनी फोन करून विचारलं तर तुम्ही काय सांगाल?' हा प्रश्न अजिबात सोडू नका.

पहिल्या तासात सर्वांत खोल जखम उघडायची सक्ती नसते. 'एक विषय आहे, पण आज त्यावर बोलायचं नाही' असं म्हणून बघा. थेरपिस्ट ते मान्य करून थांबतो, की 'मग मी मदत कशी करणार?' म्हणत रेटतो? या एका प्रसंगात बरंच दिसतं.

आणखी काय बघायचं: तुम्ही सांगितलेले तपशील त्याच्या लक्षात राहतात का? तुमचं वाक्य संपायच्या आत सल्ला येतो का? स्वतःच्या घटस्फोटाची, स्वतःच्या मुलांची गोष्ट सांगण्यात किती वेळ गेला? लग्न, मूल, नोकरी, देव यांबद्दल 'तुम्ही असंच करायला हवं' असा सूर लागतो का? बोलताना मोबाइलकडे नजर जाते का?

घरी गेल्यावर निर्णय घेऊ नका. पहिल्या भेटीनंतर काहींना फार हलकं वाटतं, काहींना दोन दिवस जड जातात. दोन्हीवरून फारसा अर्थ काढता येत नाही. जिथे जाऊन अपमानित झाल्यासारखं किंवा असुरक्षित वाटलं, तिथे मात्र दुसरी भेट द्यायची गरज नाही.

## टप्पा 7: चार सेशनची पारख

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयांबद्दल एकमत, करायच्या कामाबद्दल एकमत आणि एकमेकांवरचा विश्वास. हे नातं जितकं घट्ट, तितका थेरपीचा गुण येण्याची शक्यता जास्त, हे त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपण मात्र 'जुळतंय का' म्हणताना फक्त तिसरा भाग बघतो.

चौथ्या सेशननंतर पहिल्या टप्प्यातला कागद काढा आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहा.

ध्येय: आपण कशासाठी भेटतोय हे त्यांना विचारलं तर तुमच्या कागदावरचंच सांगतील का? तुम्हाला मीटिंगची भीती घालवायची आहे आणि चार सेशन तुमच्या वडिलांवर गेली, तर त्यामागचं कारण तुम्हाला पटवून सांगितलं गेलंय का?

काम: सेशनमध्ये आणि सेशनबाहेर काय करायचं, ते कशासाठी, हे कळलंय का? की दर वेळी 'मग, कसा गेला आठवडा?' इथून सुरू होऊन तास संपतो?

विश्वास: एखादी लाजिरवाणी गोष्ट इथे सांगता येईल असं वाटतं का?

पहिली दोन उत्तरं 'नाही' आणि तिसरं जोरदार 'हो' असेल, तर तुम्हाला मायेने ऐकणारं माणूस मिळालंय. त्याची किंमत कमी नाही, पण त्रास हटायला एवढं पुरणार नाही. उलट पहिली दोन 'हो' आणि तिसरं 'अजून नाही' असेल तर थोडं थांबा. विश्वास हळूहळू बसतो.

अस्वस्थतेतही फरक करायला शिका. 'आज त्यांनी असं काही विचारलं की उत्तर टाळावंसं वाटलं, पण आठवडाभर तेच डोक्यात होतं' ही कामाची अस्वस्थता. 'त्यांच्यासमोर काय बोलावं, काय लपवावं याची आधीपासून तयारी करावी लागते' ही न जुळण्याची. पहिलीपायी सोडू नका, दुसरी असताना रेटत बसू नका.

मोजायला आकडाही हाताशी असू द्या. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण 0 ते 27. पहिल्या सेशनच्या सुमारास भरा, मग दर दोन-तीन आठवड्यांनी. 5 किंवा जास्त गुणांची घट अर्थपूर्ण मानली जाते. चिंतेसाठी जीएडी-7 आहे. यावरून स्वतःचं निदान करू नका. दिशा बघायला वापरा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर ते पुढच्या सेशनची वाट न बघता सांगा.

पडताळा: चार सेशनमध्ये पूर्ण बरं व्हायची अपेक्षा नाही. पण कुठे चाललोय हे कळायला हवं, आणि कुठेतरी, झोपेत, एखाद्या फोनमध्ये, एखाद्या टाळलेल्या कामात, बारीक हालचाल दिसायला हवी. आठ-दहा सेशननंतरही आकडे जागचे हलले नाहीत तर पद्धत बदलायची, औषधांचा विचार करायचा की दुसरीकडे जायचं, हा विषय तुम्ही स्वतः काढा.

## टप्पा 8: खटकलं तर आधी बोला

क्लायंट आपली नाराजी थेरपिस्टपासून लपवतात आणि थेरपिस्टला ती बहुधा ओळखू येत नाही. मग एक दिवस 'या आठवड्यात जमणार नाही' असा मेसेज जातो आणि संबंध संपतो. पुढच्या ठिकाणी तेच.

मोठ्या माणसासमोर, त्यातून डॉक्टरसमोर, उलट बोलायचं नाही हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं असतं, त्यामुळे वाक्य तयार करूनच जा. सेशनच्या सुरुवातीला म्हणा, शेवटच्या पाच मिनिटांत नको:

'मागच्या वेळी मी आईबद्दल बोलत होते आणि तुम्ही लगेच तिची बाजू समजावून सांगितलीत. मला तेव्हा एकटं पडल्यासारखं झालं. त्याबद्दल बोलायचंय.'

किंवा: 'सहा सेशन झाली. आपण नेमकं काय करतोय हे मला कळत नाहीये.'

चांगला थेरपिस्ट यावर बचाव करत नाही. आणखी विचारतो, चूक असेल तर मान्य करतो, कामाची दिशा पुन्हा ठरवतो. असा तुटलेला धागा पुन्हा सांधला गेला की नातं पहिल्यापेक्षा पक्कं होतं, आणि घरी-दारी जे कधी बोलता आलं नाही ते इथे बोलून बघायला मिळतं. 'हा तुमचा रेझिस्टन्स आहे', म्हणजे तुम्हीच बदलाला विरोध करताय, असं म्हणून विषय तुमच्यावर उलटवला, गप्प केलं, चिडला, तर तुमची निवडप्रक्रिया तिथे संपली. दुसऱ्या नावाकडे वळा.

बोलत न बसता निघायचं तेव्हा: थेरपिस्टने शारीरिक जवळीक केली किंवा सुचवली, प्रेमाच्या गोष्टी केल्या, सेशनबाहेर एकांतात भेटायला बोलावलं, पैसे उसने मागितले, व्यवसायात ओढलं, दुसऱ्या क्लायंटची ओळख पटेल असं काही सांगितलं, किंवा 'माझ्याशिवाय तुम्हाला कुणी समजून घेणार नाही' म्हणत घरच्यांपासून तोडायला लागला. थेरपी चालू असताना क्लायंटशी लैंगिक संबंध या व्यवसायाच्या आचारसंहितेत सरळ निषिद्ध आहेत. क्लायंटची 'संमती' होती हा बचाव त्यात चालत नाही. मेसेज पुसू नका, तारखा लिहून ठेवा आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करा.

## टप्पा 9: बदलायचं ठरलं तर

शक्य असेल तर एक शेवटचं सेशन घ्या. त्यात तीन गोष्टी मागा: आतापर्यंत काय लक्षात आलं याचा थेरपिस्टच्या शब्दांत आढावा, पुढे कोणत्या पद्धतीचा किंवा कोणाचा उपयोग होईल याबद्दल त्यांचं मत, आणि नव्या थेरपिस्टला देण्यासाठी लेखी सारांश. सारांश तुमच्या लेखी परवानगीनेच पुढे जातो. त्यात काय आहे ते आधी वाचायला मागा. औषधं चालू असतील तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बदल कळवा. थेरपिस्ट बदलतोय म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका.

नव्या ठिकाणी पहिल्या भेटीत 'आधीचे बरोबर नव्हते' एवढंच सांगू नका. काय चाललं होतं, कशाने थोडा फरक पडला, कशाने अजिबात नाही आणि नेमकं कुठे बिनसलं, हे सांगा. पहिल्या टप्प्यातला कागदही नव्याने लिहून न्या. मधल्या काळात त्रासाचं रूप बदललेलं असतं, आणि जुना कागद नेला तर नवा थेरपिस्ट सहा महिन्यांपूर्वीच्या त्रासावर काम सुरू करेल.